आवाजानेच भाजतं, मग आवाजानेच कळेल का? पॉल लांजव्हँ आणि आजीच्या टाचेची गोष्ट

मे महिन्यात भरदुपारी जळगावात बाइकच्या होल्डरला फोन अडकवून मॅप लावला की काय होतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. आधी स्क्रीन अंधूक होते. मग फोन अडखळायला लागतो. आणि शेवटी सूचना येते की फोन तापलाय, जरा थंड होऊ द्या. फोनच्या आत बॅटरीजवळ आणि प्रोसेसरजवळ मोहरीएवढे तापमान सेन्सर असतात, त्यांना थर्मिस्टर म्हणतात. आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की फोन स्वतःच हात आखडता घेतो. दहा-बारा हजारांचा फोनसुद्धा स्वतःला भाजू देत नाही.

माझ्या आजीची टाच मात्र भाजली. ती अशाच एका मे महिन्यात, धुळ्याला, पंख्याखाली, एका मशीनने. किती उष्णता आत सोडायची हे त्या मशीनला सांगता येत होतं. आत प्रत्यक्ष किती तापलंय, हे त्याला कळत नव्हतं.

आजीला बऱ्याच वर्षांची शुगर. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ जायची. काकांकडे धुळ्याला होती तेव्हा कुणीतरी अल्ट्रासाउंडचा शेक सुचवला. तुम्ही पाहिलं असेल, टॉर्चसारखं एक दांडकं असतं, जेली लावून ते दुखऱ्या जागेवर गोल गोल फिरवतात. शेक देणारा मुलगा चांगला होता. मध्ये मध्ये विचारत होता, आजी, चटका बसतोय का. आजी अहिराणीत ठासून नाही म्हणत होती. ती खोटं बोलत नव्हती. शुगरमुळे तिच्या तळपायाची जाणीव केव्हाच कमी झाली होती, आणि हे त्याला माहीत नव्हतं, तिलाही धड माहीत नव्हतं. दांडकं कुठेतरी क्षणभर जास्त रेंगाळलं असावं. रात्री फोड आला. शुगरवाल्या पायाला फोड म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरात आहे त्यांना ठाऊक आहे. अर्धा पावसाळा ड्रेसिंगमध्ये गेला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. त्या खोलीत थर्मामीटर होता, पण तो म्हणजे आजीची स्वतःची जाणीव, आणि तोच बिघडलेला होता. ज्या आवाजाने शेक दिला, त्याच आवाजाने आतलं तापमान मोजता येणार नाही का? उत्तर शोधत मागे मागे गेलो तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच माणसापाशी जाऊन थांबलो. पॉल लांजव्हँ. प्रश्नाचे दोन्ही तुकडे त्याच्या हातात येऊन गेले होते.

गुरू पिअर क्युरी

लांजव्हँचा जन्म २३ जानेवारी १८७२ चा, पॅरिसमधला. वडील बांधकामाची मोजमापं करण्याचं काम करायचे. घर श्रीमंत नव्हतं. सोळाव्या वर्षी तो पॅरिस शहराच्या भौतिक आणि रसायन शाळेत दाखल झाला. ही आपल्याकडच्या पॉलिटेक्निकसारखी, उद्योगासाठी माणसं घडवणारी शाळा. तिथे प्रयोगशाळेत शिकवायला होता पिअर क्युरी.

पिअर क्युरी म्हटलं की आपल्याला रेडियम आठवतं, मेरी आठवते. पण त्याच्या आधी, १८८० मध्ये, पिअर आणि त्याचा भाऊ झाक यांनी दुसरंच काहीतरी शोधलं होतं. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. तो विशिष्ट दिशेने दाबला तर त्यावर विजेचा भार तयार होतो. उलटही खरं निघालं: त्याला वीज दिली तर तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. याला पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. गॅसच्या शेगडीचा तो टक्-टक् वाजणारा लायटर याच तत्त्वावर ठिणगी देतो. काही फोनमध्ये स्क्रीनखाली अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर असतो, तोही. पण त्या काळी याचा उपयोग फारसा कुणाला दिसत नव्हता. प्रयोगशाळेतली नाजूक मोजमापं सोडली तर ती एक गंमतच होती. लांजव्हँने ती गंमत विद्यार्थी म्हणून जवळून पाहिली आणि पुढे पंचवीस-तीस वर्षं डोक्यात ठेवून दिली.

पुढचं शिक्षण सांगायला लागलो तर पानं भरतील, म्हणून भराभर सांगतो. एकोल नॉर्मालमध्ये प्रवेश, मग १८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसनच्या प्रयोगशाळेत वर्षभर. रुदरफोर्डशी ओळख तिथलीच. १९०२ मध्ये पॅरिसला डॉक्टरेट, पिअर क्युरीच्या मार्गदर्शनाखाली. १९०५ मध्ये चुंबकत्वाचा सिद्धांत. लोहचुंबकाकडे काही पदार्थ हलकेच का ओढले जातात आणि ती ओढ तापमानाबरोबर का कमी होते, याचं अणूंच्या पातळीवरचं स्पष्टीकरण त्याने दिलं. १९०९ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक. सापेक्षतेतला तो जुळ्या भावांचा किस्सा, एक अंतराळात जाऊन तरुण परत येतो तो, त्याचं मूळही लांजव्हँच्या १९११ च्या एका भाषणात आहे. आइन्स्टाईन त्याला फार मानायचा.

१९०६ मध्ये पिअर क्युरी पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेला. १९११ मध्ये मेरी क्युरी आणि लांजव्हँ यांच्या संबंधांची पत्रं वर्तमानपत्रवाल्यांच्या हाती लागली आणि एकच गदारोळ झाला. लांजव्हँचं लग्न झालेलं होतं, चार मुलं होती. एका संपादकाशी त्याचं पिस्तुलांचं द्वंद्वही ठरलं, दोघे समोरासमोर उभे राहिले आणि कुणीच गोळी झाडली नाही. खरं सांगू? आज नेटवर लांजव्हँ शोधलात तर आधी हेच पानभर येतं. तुमच्या-माझ्या घरातल्या प्रत्येक सोनोग्राफीच्या मुळाशी असलेल्या माणसाची ही ओळख मला जरा अन्यायाची वाटते. (पुढे मेरीची नात आणि लांजव्हँचा नातू यांचं लग्न झालं, हे जाता जाता.)

तूलाँच्या बंदरातलं टाकं

१९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगाला धडकून बुडालं. पाण्याखालचं काहीतरी आधीच कळावं यासाठी तेव्हापासून डोकी चालत होती. मग पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवायला लागल्या. समुद्राच्या पाण्यात रेडिओ लहरी टिकत नाहीत, उजेडही फार खोल जात नाही. लांबवर जातो तो फक्त आवाज. १९१५ मध्ये कॉन्स्टंटिन शिलोव्स्की नावाच्या, स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या एका रशियन इंजिनिअरने फ्रेंच सरकारला कल्पना कळवली की पाण्यात उच्च वारंवारतेचा आवाज सोडा आणि प्रतिध्वनी ऐका. ती कल्पना तपासायला लांजव्हँकडे आली.

उच्च वारंवारता कशासाठी? साधा भोंगा वाजवला तर आवाज चहूबाजूंना पसरतो, कंदिलाच्या उजेडासारखा. वारंवारता वाढवली, म्हणजे लहर आखूड केली, की तोच आवाज टॉर्चसारखा एका दिशेला जातो. माणसाचा कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. त्यापुढचा तो अल्ट्रासाउंड.

सुरुवातीला दोघांनी अभ्रकाचं यंत्र बनवलं आणि सेन नदीत चाचण्या घेतल्या. सिग्नल पलीकडे जात होता, पण कमजोर. मग १९१७ मध्ये लांजव्हँला गुरूचा स्फटिक आठवला. पॅरिसमधल्या एका चष्मेवाल्याकडून मोठा क्वार्ट्झ मिळाला. पण अडचण होती. त्याला हवी होती त्या ४०,००० च्या आसपासच्या वारंवारतेला दणकून कंप पावायला क्वार्ट्झ साधारण सात सेंटिमीटर जाड लागतो. एवढा मोठा, निर्दोष स्फटिक आणायचा कुठून, आणि त्याला लागणारा प्रचंड व्होल्टेज द्यायचा कसा? लांजव्हँने केलं काय, तर क्वार्ट्झच्या पातळ चकत्या फरशीसारख्या शेजारी शेजारी मांडल्या आणि त्या दोन जाड पोलादी पाट्यांमध्ये चिकटवल्या. सरळ सँडविच! कंप पावायचं वजन पोलादाचं, ढकलायचं काम क्वार्ट्झचं.

हे सँडविच आजही जिवंत आहे. जळगावच्या सराफ बाजारात तुमची काळवंडलेली चेन एका छोट्या स्टीलच्या टबात टाकतात, सूं आवाज येतो आणि मळ धुरासारखा निघतो. तो अल्ट्रासॉनिक क्लीनर. त्याच्या तळाला जे चिकटवलेलं असतं त्याला इंजिनिअर लोक आजही लांजव्हँ ट्रान्सड्युसरच म्हणतात. वारंवारताही बहुधा तीच, ४०,००० च्या आसपास.

चाचण्या फ्रान्सच्या दक्षिणेला, तूलाँच्या नौदल बंदरात चालल्या होत्या. १९१८ च्या सुरुवातीला पाणबुडीवर आपटून आलेला प्रतिध्वनी पहिल्यांदा स्पष्ट मिळाला. यंत्र लढाईत उतरायच्या आतच युद्ध संपलं, पण सोनारचा जन्म झाला होता.

माझ्या प्रश्नासाठी मात्र पाणबुडीपेक्षा टाकं महत्त्वाचं. तूलाँच्या प्रयोगशाळेत यंत्र पाण्याच्या एका टाक्यात चालवून बघत असत. त्या टाक्यातले मासे यंत्रासमोर आले की तत्काळ मरायचे. आणि तिथे पाण्यात हात घातलेल्यांना हाताच्या आत वेदना व्हायच्या. आवाज फक्त जातो आणि परत येतो असं नाही, वाटेत जे सापडेल त्यात स्वतःची शक्तीही सोडतो, हे तिथे पहिल्यांदा जिवंत शरीरावर दिसलं. मासे बुडबुड्यांनी मेले, हादऱ्यांनी की उष्णतेने, हे तेव्हा वेगळं करता आलं नाही. लांजव्हँने ही गोष्ट लिहून ठेवली आणि तो पाणबुडीकडे वळला. युद्ध चालू होतं, मी त्याला दोष देत नाही.

पण तिथे एक पाहुणा होता: अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड. त्याच्या डोक्यातून ते मासे गेले नाहीत. दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, त्याने आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य, हौशी संशोधकाबरोबर अल्ट्रासाउंडचे शरीरावर आणि पदार्थांवर होणारे परिणाम छापले. त्यातली एक गोष्ट वाचून मी उडालोच. कंप पावणाऱ्या तेलात थर्मामीटर बुडवला तर त्याची काच बोटात धरवत नव्हती, इतका चटका बसायचा. आणि पारा? पारा निवांत कोमट आकडा दाखवत होता. उष्णता तयार होत होती ती काच आणि कातडी घासतात तिथे. पाऱ्याला त्याचा पत्ताच नाही.

म्हणजे शेकाच्या वेळी आजीच्या टाचेत सुई घालून थर्मामीटर ठेवला असता (कुणी ठेवू दिला असता तर), तरी अडचण होतीच. अल्ट्रासाउंडच्या झोतात ठेवलेली तार स्वतःच घासून थोडी तापते आणि चुकीचा आकडा देते. शिवाय ती फक्त एका बिंदूचं सांगणार. टाचेत सगळ्यात जास्त तापतं ते हाडाच्या पृष्ठभागाशी, कारण हाड आवाज फार शोषतं. वरची कातडी जेलीमुळे गारच लागते.

इथून पुढचा रस्ता सरळ आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत अल्ट्रासाउंडचा शेक सुरू झाला. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेत भिंगासारखा आवाज एका बिंदूवर गोळा करून शरीराच्या आतली नेमकी जागा जाळायचे प्रयोग झाले. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये इयन डोनाल्डने पोटातल्या गाठी आणि गर्भ पडद्यावर दाखवले. सगळी लांजव्हँच्या टाक्याचीच पोरं: एक तापवणारं, एक जाळणारं, एक बघणारं. तापवणारं आणि बघणारं मात्र फार काळ वेगळ्या घरांत वाढलं.

प्रॅक्टिकलमधली चूक

दुसरा तुकडा कळायला मला माझ्याच कॉलेजात परत जावं लागलं. जळगाव-धुळ्यात फिजिक्स किंवा केमिस्ट्रीत एमएस्सी केलेल्या बऱ्याच जणांनी हे प्रॅक्टिकल केलं असेल: अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर. छोट्या नळकांड्यात द्रव भरायचा, तळाशी क्वार्ट्झ, वारंवारता २० लाख. वरची पट्टी मायक्रोमीटरने सरकवत जायची आणि काटा कुठे कुठे उसळतो ते लिहायचं. त्यावरून द्रवातला आवाजाचा वेग निघतो. आमच्या सकाळच्या बॅचचं पाण्यातलं उत्तर १४९७ च्या आसपास आलं आणि दुपारच्या बॅचचं १५१५ च्या पुढे. आम्हाला वाटलं कुणीतरी चुकलं. सरांनी विचारलं, पाण्याचं तापमान लिहिलं का? लिहिलं नव्हतं. सकाळी पाणी २५ अंशांचं होतं, दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं तेच पाणी ३३ ला गेलं होतं.

पाणी तापलं की त्यात आवाज जोरात पळतो. २५ अंशांना सेकंदाला १४९७ मीटर, ३७ अंशांना १५२४. हवेतही तसंच. जानेवारीच्या पहाटे १० अंशांना सुमारे ३३७, मे महिन्यात ४५ ला ३५८. भुसावळहून येणाऱ्या गाडीची शिट्टी उन्हाळ्यात आपल्याकडे केसभर लवकर पोचते म्हणायची.

सोनारवाल्यांना हा प्रकार त्रास म्हणून भेटला. १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या लक्षात आलं की सकाळी नीट चालणारा सोनार दुपारनंतर दगा देतो. आधी वाटलं, जेवणानंतर माणसं पेंगतात. खरं कारण ऊन निघालं. समुद्राचा वरचा थर तापतो, तिथे आवाज वेगात जातो, आणि लहर खालच्या गार पाण्याकडे वाकते. एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर दुपारी डांबरावर पाणी दिसतं ना, मृगजळ, त्याच जातीचा खेळ. तिथे उजेड वाकतो, इथे आवाज. लांजव्हँचा प्रतिध्वनी तापमानामुळे वाट चुकत होता.

चूक उलटी वाचली की मोजमाप होतं. वेग बदलला म्हणजे तापमान बदललं. मग वेग मोजा!

शरीरात ते असं करतात. सोनोग्राफीचं मशीन सगळीकडे आवाजाचा वेग १५४० मीटर धरून चालतं. पाच सेंटिमीटर खोलवरच्या जागेवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे ६५ भाग लागतात. आता तेवढी वाट एक अंशाने तापली, तर यकृतासारख्या भागात वेग एक-दीड मीटरने वाढतो आणि प्रतिध्वनी थोडा लवकर येतो. मशीनला वाटतं, ती जागा जवळ सरकली. किती? सुमारे ५० मायक्रॉन. केसाच्या जाडीपेक्षा कमी. शेक सुरू करायच्या आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र यांतली ही खोटी सरक मोजायची, आणि कुठून कुठपर्यंत सरक वाढत गेली त्यावरून आतल्या तापमानाचा नकाशा काढायचा. १९९० च्या दशकापासून संशोधक हे करताहेत. सुई नको, तार नको, किरणं नकोत.

मग धुळ्याच्या त्या दांडक्यात हे का नव्हतं?

एक, माणूस श्वास घेतो. श्वासाबरोबर यकृत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खालीवर होतं आणि आपण शोधतोय केसाएवढी सरक. टाच तेवढी हलत नाही हे खरं, पण पाय जरासा आखडला तरी झालं. दोन, चरबी. पाणी हा द्रवांमधला विक्षिप्त प्राणी आहे. बहुतेक द्रवांत तापवल्यावर आवाज मंदावतो, पाण्यात ७४ अंशांपर्यंत वाढतो. शरीराचे स्नायू, यकृत वगैरे पाण्यासारखे वागतात, चरबी तुपातेलासारखी. तापली की सैल पडते आणि आवाज हळू होतो. वाटेत दोन्ही असले की एकाने पुढे ढकललेला प्रतिध्वनी दुसरा मागे ओढतो, आणि बेरीज शून्य दिसू शकते. टाचेखाली तर चरबीचीच गादी असते! तापतंय आणि मशीन म्हणतंय काही झालं नाही, म्हणजे पुन्हा आजीचंच उत्तर.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त खुपते. कर्करोगाच्या गाठीला किरणोपचारांच्या जोडीला हलका ताप देतात, ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान. तिथे ही पद्धत बऱ्यापैकी चालते. पण गाठ जाळून टाकायची तर ६० च्या पुढे जावं लागतं, आणि साधारण ५० नंतर वेगाची चढण सपाट होत जाते, मांस स्वतःच शिजून बदलतं. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तिथेच हा थर्मामीटर आंधळा होतो. म्हणून आवाज एकवटून गाठी जाळतात तिथे आज आतलं तापमान अनेकदा एमआरआयवर बघतात. एमआरआयला पाण्यातल्या हायड्रोजनच्या सिग्नलवरून तापमानातला बदल चांगला कळतो. पण मग शेक एमआरआयच्या बोगद्यात घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च काय असतो ते वेगळं सांगत नाही. टाचेच्या शेकासाठी कोण नेणार?

स्वस्त, हातात मावणारा, आवाजाचाच थर्मामीटर हवा तो यासाठी. संशोधन चालू आहे: प्रतिध्वनीची ताकद कशी बदलते, मांस किती कडक झालं, श्वासाची हालचाल कॉम्प्युटरने कशी वजा करायची. फोनमधल्या प्रोसेसरने हे गणित आता सोपं केलंय. आपल्याकडे आणखी एक पैलू आहे. बघणारं यंत्र, कितीही छोटं असो, १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली नोंदवावं लागतं. ते लागायलाच हवं, जळगाव-धुळ्यात राहणाऱ्याने तरी याबद्दल कुरकुर करू नये. पण शेकाच्या दांडक्याला डोळे द्यायचे तर हा प्रश्न समोर येणार.

शेवटची वर्षं

लांजव्हँने हे काही पाहिलं नाही. त्याचं पुढचं आयुष्य वेगळ्याच आगीत गेलं. १९३४ मध्ये फ्रान्समधल्या फॅसिस्टविरोधी बुद्धिवंतांची समिती उभी राहिली, त्यात तो पुढे होता. १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतलं आणि ३० ऑक्टोबरला त्याला अटक केली. वय ६८. काही आठवडे तुरुंग, मग त्र्वा या गावात नजरकैद. मार्च १९४२ मध्ये त्याचा जावई झाक सोलोमोन पकडला गेला. तोही भौतिकशास्त्रज्ञ होता. २३ मे १९४२ ला त्याला गोळ्या घातल्या. मुलगी एलेनला जानेवारी १९४३ मध्ये २३० बायकांबरोबर आउशवित्झला पाठवलं. त्यातल्या ४९ परत आल्या. एलेन त्यांतली एक.

मे १९४४ मध्ये मित्रांनी लांजव्हँला सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला पोचवलं. पॅरिस सुटल्यावर तो परतला आणि उरलेली दोन वर्षं त्याने शाळांसाठी घातली. फ्रान्सचं शिक्षण कसं असावं यासाठीच्या समितीचा तो अध्यक्ष होता, आणि गरिबाच्या पोराचं शिक्षण घरच्या ऐपतीवर अडू नये हा तिचा गाभा होता. बांधकामं मोजणाऱ्याच्या मुलाने आणखी काय मागावं? अहवाल पूर्ण व्हायच्या आत, १९ डिसेंबर १९४६ ला, तो गेला. १९४८ मध्ये त्याला पाँतेआँमध्ये नेलं, जिथे फ्रान्स आपली मोठी माणसं ठेवतो.

आजी आता जळगावला आमच्याकडे असते. टाच अजून कधीमधी दुखते. गेल्या हिवाळ्यात तिला इथल्या एका फिजिओथेरपिस्टताईंकडे नेलं. मी त्यांना लांजव्हँ, प्रतिध्वनी, ५० मायक्रॉन सगळं सांगायच्या तयारीत होतो. त्यांनी मशीन सुरूच केलं नाही. दोन काचेच्या टेस्ट ट्यूब आणल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. आजीला डोळे मिटायला लावले आणि तळव्याला आळीपाळीने लावून विचारलं, गरम की गार. पाचातली तीन उत्तरं चुकली. ताईंनी मशीनची वायर गुंडाळून ठेवली आणि आजीला पोटरी ताणायचे दोन व्यायाम शिकवले.